पाणी चावतं

नळाकडे नेलेला हात दर्शनाने झटक्यात मागे घेतला, आणि तो मागे घेतला हे तिला नंतर कळलं. आधी नुसती बोटांपासून मनगटापर्यंत एक झिणझिणी गेली. बारीक, खरखरीत, आतून कुणी किसणी फिरवावी तशी. तांब्या मोरीत आपटला आणि गडगडत दाराशी जाऊन थांबला. रविवारची सकाळ होती. शेजारच्या खोलीतून पोह्यांच्या फोडणीचा वास येत होता. तिने हात कोरडा केला, मोरीत रोज दोघंही घालायची आणि आज ती विसरली होती त्या रबरी चपला पायात सरकवल्या, खणातून टेस्टर आणला आणि त्याचं टोक पितळी नळाला टेकवलं. टेस्टरमधला दिवा लागला. मंद, केशरी, थोडासा थरथरत. पॉलिटेक्निकात इतकी वर्षं पोरांना तिने हाच दिवा दाखवला होता, पण पाण्याच्या नळावर तो कधी पाहिला नव्हता. खरं तर तिला भीती वाटायला हवी होती. वाटला तो तिरस्कार, आणि तो इतका सवयीचा, इतका घरातला होता की क्षणभर तिला हायसंच वाटलं. वैभव, ती मनात म्हणाली. दुसरं कोण असणार.

वैभव म्हणजे तिचा नवरा. फोर्टातल्या त्याच्या कंपनीने मुंबईचं ऑफिस बंद केलं, हातात एक रक्कम आणि एक घड्याळ ठेवलं, आणि पन्नाशीच्या अलीकडेच तो काळाचौकीच्या या चाळीत दिवसभर दिसायला लागला. दिसायला लागला हेच तिला आधी खुपलं. नोकरी असताना तो सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, आणि मधल्या वेळात तो कसा आहे याचा विचार करायची गरज पडायची नाही. मग छंद सुरू झाले. आधी गॅलरीत बोन्साय आले. ते मेले. मग कीबोर्ड आला. 'सा रे ग म'च्या पुढे तो गेला नाही, पण पुढे जाणार असल्यासारखा डोळे मिटून वाजवायचा. आणि गेल्या वर्षापासून हे. कानात इअरफोन, समोर मोबाइल, मोबाइलमध्ये इंदूरचा नाहीतर कोइमतूरचा कुणी विशीतला पोरगा सांगतोय की फ्रेंड्स, आज आपण बनवणार आहोत ऑटोमॅटिक अमुक. टेबलावर वायरींच्या शेंड्या, कुठल्यातरी बोर्डाचे लुकलुकणारे दिवे. ती कॉलेजातून यायची, चप्पल काढता काढता टेबलाकडे एकदा बघायची आणि आत जायची. बोलायची नाही. न बोलण्यात किती बोलता येतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. मग त्याने चाळीच्या पंपाला ऑटोमॅटिक केलं. पूर्वी खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढवायला पाळ्या लावलेल्या असायच्या. ज्याची पाळी तो पंप लावायचा आणि विसरायचा, मग पाणी जिन्यावरून धबधबत खाली यायचं, मग भांडण. वैभवने जिन्याखाली एक डबा बसवला आणि भांडण मिटलं. टाकी रिकामी झाली की पंप आपोआप सुरू, भरली की आपोआप बंद. चाळीच्या पूजेच्या दिवशी कमिटीचे अध्यक्ष दौलतराव यांनी माइकवरून सांगितलं की असा माणूस परदेशात असता तर त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं असतं, आणि त्याच्या खांद्यावर शाल टाकली. शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली दर्शना हसली. एकटीच. एक बोर्ड, एक निळा रिले, दोन सळ्या. तिच्या दुसऱ्या वर्षाची पोरं हे प्रॅक्टिकल चहाच्या सुट्टीआधी उरकतात. तो डबा उघडून बघावा असं तिला वाटलंच नाही. असल्या गोष्टी बघायच्या नसतात, सहन करायच्या असतात.

ती गॅलरीत आली. पलीकडच्या सुभद्राबाई उंबऱ्यात बसून हाताला खोबरेल चोळत होत्या. मिलच्या दिवसांपासून या खोलीत राहणाऱ्या, मालवणकडच्या.

"काकी, नळाला हात लावू नका. करंट येतोय."

सुभद्राबाईंनी मान वर केली. "होय तर. चार दिस झाले, पाणी चावता गो. माका वाटला साखर वाढली. डॉक्टर म्हणालो हुतो, हातापायाक मुंगये येतले."

"मग सांगायचं नाही का?"

"कोणाक सांगतलंय? साखर माझी."

दर्शनाला हसू आलं नाही. तिने गॅलरीच्या कठड्याला धरून मोठ्याने सांगितलं, वर्गात सांगते त्या आवाजात, की कुणीही नळाला, मोरीला, ओल्या भिंतीला हात लावायचा नाही. एकेक दार उघडलं. आणि मग तिला कळलं की हे सगळ्यांना माहीत होतं. समोरचा दाढी करता करता म्हणाला, "थोडा थोडा येतोय मॅडम, पण एवढा नाय." दुसरी म्हणाली, आम्ही पाटावर उभं राहून आंघोळ करतो, काही होत नाही. तिसऱ्याने सांगितलं की त्याने नळाला प्लास्टिकची पिशवी बांधली आहे, मस्त चालतंय. त्याच्या सुरात अभिमान होता. चार दिवस ही माणसं विजेच्या पाण्याने आंघोळ करत होती आणि त्यांनी काय केलं, तर पाट शोधले. तिच्या वडिलांनी, धोंडूंनी, याच गॅलरीसारख्या एका गॅलरीत उभं राहून आयुष्य काढलं होतं. खालून जाणाऱ्या प्रत्येकाला हळू आवाजात नाव ठेवायचं. हा गाढव, तो बैल, ही बघ, नवऱ्याच्या पगारावर लिपस्टिक. लहानपणी ती त्यांच्या कुशीत उभी राहून हसायची. तो एकच खेळ दोघांमधला. वडील कुणालाही चांगलं म्हणत नसत, त्यामुळे तिला कधीतरी "बरी आहेस" म्हणाले तेव्हा ते तिला पदकासारखं वाटलं. पुढे शिकताना, नोकरी करताना, बढतीच्या मुलाखतीत समोर बसलेल्या तीन मख्ख पुरुषांकडे बघताना तिने मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली आणि त्यावरच ती तगली. ज्याला आपण खालचा समजतो तो आपल्याला दुखवू शकत नाही, ही तिची सगळी विद्या.

ती जिना उतरली. पंपाची खोली म्हणजे जिन्याखालचा एक कोनाडा, पत्र्याचं दार, ओलसर अंधार. पंपाचा मेन स्विच बंद केला, फ्यूज उपसला आणि गाऊनच्या खिशात टाकला. फ्यूज आपल्या खिशात असला की दुसरा कुणी शहाणा स्विच वर करू शकत नाही. मग टेस्टर आधी शेजारच्या चालू सॉकेटमध्ये घालून बघितला, तो जिवंत आहे ना याची खात्री करायला, आणि मगच पंपाच्या वायरींना लावला. दिवा लागला नाही. तेवढ्यात दारात सावली पडली. वैभव होता, लालबागच्या बाजारातून आलेला, हातात माशांची पिशवी. तिच्याकडे, उघड्या दाराकडे, मग भिंतीवरच्या आपल्या डब्याकडे त्याने पाहिलं. तो डबा फरसाणाचा होता. पत्र्याचा. त्यावर अजून शेव-गाठ्यांचं चित्र होतं.

"काय झालं?" तो म्हणाला.

"नळाला करंट आहे."

"अर्थिंगचा प्रॉब्लेम असेल चाळीच्या."

"गप्प बस," ती म्हणाली, आणि झाकण काढलं.

आत तिला सगळं एका दृष्टिक्षेपात दिसलं, जसं पोरांच्या उत्तरपत्रिकेत पहिल्या ओळीवरूनच शेवटची चूक दिसते. पत्र्याच्या तळावर, मधे कागदसुद्धा न घालता, बोर्ड आणि रिलेचं मॉड्यूल शेजारी शेजारी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने चिकटवलेलं. बोर्ड चालतो पाच व्होल्टांवर, पंप दोनशे तीसवर. रिले म्हणजे या दोघांमधला खटका, लहान करंटने ओढला जाणारा आणि मोठा करंट जोडणारा. त्याचं सगळं काम दोघांना एकमेकांपासून लांब ठेवायचं. वैभवने दोघांना एका ताटात जेवायला बसवलं होतं. रिलेच्या स्क्रूखाली घातलेल्या वायरीची एक बारीक तार बाहेर राहिली होती, केसासारखी, आणि पंपाच्या हादऱ्यांनी सरकत सरकत ती आता पत्र्याला टेकली होती. बोर्डाच्या खालची टोकंही टेप भेदून पत्र्याला टेकलेली. त्याच बोर्डातून दोन वायरी गच्चीवर जात होत्या, टाकीतल्या पाण्यात उभ्या केलेल्या स्टीलच्या सळ्यांपर्यंत. म्हणजे तार, डबा, बोर्ड, सळ्या, पाणी. आणि चाळीचे लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे घातल्यापासून पाण्यातल्या करंटला जमिनीत उतरायला वाट नव्हती. ती वाट म्हणजे नळाला हात लावणारा माणूस.

ती बोलायला लागली. बोटाने एकेक दाखवत. ही तार. हा पत्रा. एवढ्याशा रिलेवर सरळ एक एचपीची मोटर, सुरू होताना ती किती करंट ओढते याचा कुणी विचार केला? याचे काँटॅक्ट एक दिवस चिकटणार आणि पंप बंदच होणार नाही. आणि हे काय, तू फेजच्या ऐवजी न्यूट्रल तोडलास? म्हणजे पंप बंद असतानाही आत वीज उभीच आहे. शाब्बास. हा जंपर, ही बारकी जोडपट्टी, काढायचा असतो, रिलेला वेगळा सप्लाय द्यायचा असतो, मॉड्यूलमध्ये निरोप उजेडाने पोचवणारी चिप त्यासाठीच दिली आहे, तू तिलाही कामावरून काढलंस. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला, आणि त्या चढण्यात तिला एक सुख होतं, दाढेतली अडकलेली सुपारी निघावी तसं. वैभव पिशवी हातात धरून ऐकत होता. माशांचं पाणी पिशवीतून ठिबकत होतं.

"आज दुपारी उतरणार होतो," तो म्हणाला.

"कुठे?"

"टाकीत. सळ्यांवर गंज धरलाय. घासायच्या होत्या. दर महिन्याला घासतो."

दर्शना थांबली. नळाशी झिणझिणीच आली, कारण मधे तीन मजल्यांचं पाणी होतं. टाकीत गुडघाभर पाण्यात उभा राहून, सळी मुठीत धरून... तिने ते चित्र पुरतं केलं नाही. पण अर्धंच चित्र मनात राहिलं. दुमडलेली पँट, बारीक पोटऱ्या, त्या पोटऱ्यांवरचा लहानपणच्या भाजल्याचा पांढरट डाग. इतक्या वर्षांत या डागाकडे तिने पाहिलं नव्हतं. तिच्या तोंडून शब्द बाहेर पडले तेव्हा ते नेहमीसारखेच निघाले.

"कुणाला विचारलंस हे जोडताना? कुणाला तरी विचारायचं की नाही?"

"विचारलं ना. व्हिडिओखाली प्रश्न टाकले. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराला विचारलं. ग्रुपवर एक नाशिकचा आहे, त्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, चलेगा."

"आणि घरात कोण राहतं?"

वैभवने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुला विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, दर्शना. कसं सांगितलं असतंस, तेही मला माहीत होतं." मग, तक्रार नसल्यासारखं, "त्यापेक्षा नाशिकचा बरा वाटला."

तिच्याकडे उत्तर तयार होतं. तिच्याकडे उत्तर नेहमीच तयार असतं. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं, धारदार, नेमकं, आणि तिथेच उभं राहिलं. नाशिकच्या कुणा बिनचेहऱ्याच्या माणसाचं 'चलेगा' वैभवला तिच्यापेक्षा बरं वाटलं. आणि त्यापायी तो आज दुपारी टाकीत उतरला असता. तिने खिशातला फ्यूज चाचपला. चिनी मातीचा, थंड.

"मासे वर ठेवून ये," ती म्हणाली. "मग लालबागला जा. हार्डवेअरचं दुकान दुपारपर्यंत उघडं असतं. प्लास्टिकचा बंद बॉक्स, जाड. एक कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा रिले, एक एचपीच्या मोटरला चालणारा. एक गळती पकडणारा ब्रेकर, ईएलसीबी म्हण, त्याला कळेल. वायरींच्या टोकाला दाबायचे लग. आणि सळ्या नकोत, तरंगता स्विच आण, टाकीचा. लक्षात राहील?"

"राहील."

तो गेल्यावर ती पंपाशेजारच्या उलट्या बादलीवर बसली. वर पावलं वाजत होती. पाणी कधी येणार हे एकमेकांना विचारणाऱ्या लोकांची पावलं. लग्न ठरलं तेव्हा हाच माणूस तिला सगळं विचारायचा. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून विचारायचा की रेडिओत आवाज कुठून येतो, ट्यूबलाइट आधी का फडफडते, विजेच्या तारेवर बसलेल्या कावळ्याला काही का होत नाही. त्या प्रश्नांत खोटेपणा नव्हता. तिला ते आवडायचं. ती बोलायची आणि तो तिच्या हातांकडे बघत ऐकायचा. मग तो विचारायचा बंद झाला. कधी, ते तिला आठवेना. एखादं मोठं भांडण, एखादा शब्द सापडला असता तर त्याकडे बोट दाखवता आलं असतं. पण तसं काही नव्हतं. पाणी आटतं तसं आटलं असणार, आणि ती त्या वेळी दुसरीकडे, वरच्या बाजूला कुठेतरी बघत असणार. तिला बादलीवर बसल्या बसल्या स्वतःचा राग आला, आणि लगेच या रागाचाही कंटाळा आला. पश्चात्ताप करणाऱ्या बायका तिला कधी आवडल्या नव्हत्या.

वैभव सगळं बरोबर घेऊन आला. तिने काम सुरू केलं. गच्चीवरच्या सळ्या आधी काढल्या, तरंगता स्विच सोडला. नव्या बॉक्सात एका बाजूला बोर्ड आणि रिले, मधे जाड प्लास्टिकची आडभिंत, दुसऱ्या बाजूला कॉन्टॅक्टर. रिलेने आता फक्त कॉन्टॅक्टरला इशारा द्यायचा, मोटरचं ओझं कॉन्टॅक्टरने उचलायचं. फेज तुटेल अशी जोडणी, मोटरला अर्थिंग, वायरींच्या टोकांना लग, जंपर काढून रिलेला स्वतःचा सप्लाय. वैभव वायर सोलत होता. एक वायर त्याने जास्त सोलली. तिने ती त्याच्या हातातून घेतली, कापली, परत दिली. "एवढीच. स्क्रूच्या बाहेर तांबं दिसता कामा नये." त्याने पुन्हा सोलली. या वेळी बरोबर. ती काहीच म्हणाली नाही, आणि मग तिच्या लक्षात आलं की हेही नेहमीचंच न बोलणं आहे, म्हणून ती म्हणाली, "ठीक आहे." तिच्याच कानाला ते विचित्र वाटलं, दुसऱ्याची चप्पल पायात घातल्यासारखं.

फ्यूज बसवला. स्विच वर केला. बोर्ड सुरू झाला, रिले टिकटिकला नाही, वाट बघत राहिला. मग वरून तरंगत्या स्विचचा निरोप आला, कॉन्टॅक्टर धपकन बसला आणि पंप घुमायला लागला. टेस्टर जिन्याशेजारच्या नळाला लावला. अंधार. ईएलसीबीचं चाचणीचं बटण दाबलं, तो पडला, पुन्हा चढवला. दारात आता गर्दी होती, पुढे दौलतराव, पांढरा लेंगा, हातात मोबाइल.

"झालं ना? काय होतं वैभवराव?"

वैभव काहीही सांगू शकला असता. अर्थिंग, उंदीर, जुनं वायरिंग. दर्शनाने वाटच पाहिली त्या खोट्याची.

"माझी चूक होती," वैभव म्हणाला. "मी जोडणी चुकीची केली होती. तिने सगळी बदलली. कुणाचाही जीव गेला असता."

गर्दी एकदम वेगळी झाली. ज्याने नळाला पिशवी बांधली होती तो म्हणाला, मला पहिल्यापासून डाऊट होता. कुणी म्हणालं, युट्यूब बघून काय पण करतात लोक. दौलतरावांनी घसा साफ केला. "बघा, कमिटीला न विचारता असले प्रयोग... आपण हा डबा काढून टाकू. लायसनवाला माणूस आणू. वैभवराव, तुम्ही यापुढे पंपाच्या खोलीत येऊ नका. मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

शाल टाकणारे हेच हात होते. दर्शनाने त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि तिरस्कार आला, भरभरून, हवा तसा.

"लायसनवाला आणाच," ती म्हणाली. "मी केलेलंही त्याला तपासू दे. ते बरोबरच आहे. पण चार दिवस तुम्हाला करंट लागत होता आणि तुम्ही पाट शोधत होता. याने चूक केली, कारण याने काहीतरी केलं. दर महिन्याला त्या टाकीत कोण उतरतं? तुम्ही उतरता, दौलतराव? टाकी कुठल्या रंगाची आहे ते तरी सांगा."

दौलतरावांनी मोबाइलकडे पाहिलं. मागून सुभद्राबाई म्हणाल्या, "काळी आसा." कुणीतरी हसलं. माणसं पांगायला लागली. कुठल्याशा मजल्यावर बादलीत पाणी पडायचा आवाज सुरू झाला. वैभव खाली वाकून तारांचे तुकडे गोळा करत होता. "कशाला बोलायचं एवढं," तो पुटपुटला. त्याला वाईट वाटलं होतं की बरं, हे तिला कळलं नाही. आपण त्याची बाजू घेतली तीही त्याला काठीसारखीच लागली असेल, असं तिला वाटून गेलं.

जेवायला दुपार झाली. बांगडे तळताना तेल उडत होतं. समोरासमोर बसून दोघं काटे काढत होते, खिडकीतून पंपाचा घुमणारा आवाज येत होता, मग तो आपोआप थांबला. वैभवने कान देऊन ऐकलं. मग ताटाकडे बघतच म्हणाला,

"एक विचारू?"

"विचार."

"न्यूट्रल म्हणजे नक्की काय गं?"

दर्शनाच्या हातातला घास तसाच राहिला. इतके महिने या माणसाने चाळीच्या विजेत हात घातले होते. न्यूट्रल म्हणजे काय हे माहीत नसताना. नाशिकवाल्यालाही विचारायची लाज वाटली असणार, एवढा साधा प्रश्न. छातीतून हसू वर सरकलं, ते जुनं हसू, शेवटच्या रांगेतलं. ते ओठांपर्यंत किती आलं होतं हे वैभवला दिसलं असणार, कारण त्याने घाईघाईने काट्यात बोट घातलं आणि तो म्हणाला, "राहू दे. बघेन मी कुठेतरी."

"बघू नकोस," ती म्हणाली. "सोप्पं आहे." आणि मग, आवाज सोप्पं म्हणताना कुठे गेला ते ऐकून, ती थांबली. तिने घास ताटात ठेवला, उष्ट्या हाताने पाण्याचा पेला जवळ ओढला. "सोप्पं नाहीये," ती म्हणाली. "मलाही शिकताना वेळ लागला होता. ऐक."

वैभवने मान वर केली, आणि बोलायला उचललेल्या तिच्या हाताकडे तो बघायला लागला.